धुऱ्यापर्यंतचे ओलीत

धामणगाव रेल्वे तालुक्याची पूर्व सीमा वर्धा नदीने आखलेली आहे. नदीच्या वरच्या अंगाला, मोर्शीजवळ सिंभोरा येथे, १९९३ मध्ये पूर्ण झालेल्या ऊर्ध्व वर्धा धरणात, म्हणजेच नल-दमयंती सागरात, सुमारे ५६४ दशलक्ष घनमीटर उपयुक्त पाणी मावते. आणि तरीही कपाशी, तूर व सोयाबीन या येथील मुख्य पिकांचे बहुतांश क्षेत्र आजही पावसाच्याच भरवशावर उभे असते. ही विसंगती केवळ पाण्याच्या तुटवड्याने उलगडत नाही. पाणी कोणत्या वेळी, कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या शेताच्या धुऱ्यापर्यंत पोहोचते, हाच वऱ्हाडातील ओलिताचा खरा प्रश्न आहे.

सिंचनाने राष्ट्राचे चित्र किती पालटते, हे स्वतंत्र भारताच्या अनुभवाने सिद्ध झालेले आहे. १९५०-५१ मध्ये देशातील निव्वळ ओलिताचे क्षेत्र सुमारे २ कोटी ९ लाख हेक्टर होते. पुढील दशकांत ते तिपटीहून अधिक झाले, आणि धान्याच्या आयातीवर जगणारा देश स्वयंपूर्ण झाला. मात्र या वाढीतील ६० टक्क्यांहून अधिक भार विहिरी व कूपनलिकांनी, म्हणजे भूजलाने उचलला, धरणांनी नव्हे, ही गोष्ट सार्वजनिक चर्चेत फारशी येत नाही. वऱ्हाडात इंग्रजी अमदानीत मोठा कालवा झालाच नाही. १८९९-१९००च्या दुष्काळाने या कापूसपट्ट्याची दाणादाण उडवली, तरी काळ्या कसदार जमिनीला पाटाच्या पाण्याची गरज नाही, ही समजूत दीर्घकाळ टिकून राहिली.

या समजुतीत अर्धे सत्य होते, आणि ते मातीत दडलेले आहे. खोल काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते आणि तिला भेगा पडतात. एक मीटर खोलीच्या अशा थरात पिकाला घेता येईल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी साठून राहते, म्हणूनच पावसाळा संपल्यावरही हरभरा व तूर तग धरतात. परंतु हीच जमीन भिजून फुगल्यानंतर पाणी खाली उतरू देत नाही. श्रावणातील झडीत शेत चिबडते, मुळांना हवा मिळत नाही, आणि आश्विनात तीच कपाशी बोंडे भरण्याच्या वेळी ताणाला सापडते. मातीच्या पोकळ्यांत पाणी व हवा यांचा समतोल असलेल्या अवस्थेस वाफसा म्हणतात. ओलिताची कोणतीही पद्धत चांगली की वाईट, हे ती वाफसा किती लवकर आणि किती काळ देते, यावरून ठरवावे लागते.

सारे पाडून किंवा मोकाट पाणी सोडण्याच्या पारंपरिक प्रवाही पद्धतीत दिलेल्या पाण्यापैकी साधारण ४० ते ५० टक्केच पिकाच्या कामी येते; तुषार संचाने, म्हणजे दाबाखालील पाणी नळ्यांतून फवाऱ्यासारखे शिंपडून, हे प्रमाण ७० ते ७५ टक्क्यांवर जाते, तर मुळाशी थेंबाथेंबाने पाणी देणाऱ्या ठिबकने ते ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचते. मात्र पद्धत पिकानुसार निवडावी लागते. हरभऱ्याचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. या पिकाला फांद्या फुटताना व फुलोऱ्याच्या सुमारास एक आणि घाटे भरताना एक, अशी दोन हलकी पाणी बहुधा पुरतात. त्याहून अधिक दिले तर पीक माजते, म्हणजे पाला वाढतो व घाटे कमी लागतात. शिवाय पाणी जमिनीला भेगा पडण्यापूर्वीच द्यावे लागते, कारण भेगाळलेल्या शेतात सोडलेले पाणी त्या भेगांतून खोल निघून जाते, पुढे सरकतच नाही, आणि तासन्‌तास पंप चालूनही शेताचे दुसरे टोक कोरडे राहते. याच कारणाने हरभऱ्यासाठी तुषार संच उपयुक्त ठरतो. तो मोजके पाणी सर्वत्र सारखे देतो.

कपाशीसाठी ठिबक उत्तम, हे निर्विवाद आहे. पण ठिबकला दररोज किंवा दिवसाआड पाणी लागते, तर कालव्याचे आवर्तन, म्हणजे ठरावीक अंतराने सुटणारी पाण्याची पाळी, कित्येक दिवसांनी येते. दोहोंच्या मध्ये साठवण नसेल, तर कालव्याच्या लाभक्षेत्रात अनुदानावर घेतलेला संच निकामी ठरण्याचीच शक्यता अधिक. शेततळ्याचे महत्त्व येथे कळते. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल अशा उतरत्या बाजूंच्या शेततळ्यात सुमारे २,२०० घनमीटर पाणी मावते. एक हेक्टरवर ५ सेंटिमीटर उंचीचे पाणी देण्यास ५०० घनमीटर लागतात. म्हणजे बाष्पीभवन व पाझर वजा जाताही एका हेक्टरला दोन-तीन संरक्षित पाणी निश्चित मिळू शकतात. संरक्षित पाणी म्हणजे पावसाच्या खंडात पीक वाचवण्यापुरते दिलेले ओलीत. कोरडवाहू शेतीत बोंडे भरतानाचे असे एक पाणी पुढच्या चार पाण्यांपेक्षा मोलाचे असते. त्याच्या जोडीला रुंद वरंबा-सरी पद्धतीची पेरणी हवी, कारण तिच्या सऱ्या झडीत जादा पाणी बाहेर काढतात आणि खंडात ओल धरून ठेवतात. निचरा हा ओलिताचाच भाग आहे, हे काळ्या जमिनीत विसरून चालत नाही.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात तर पाणी असूनही ते वापरता येत नाही. अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्याचे भूजल खारट असून, ते सतत दिल्यास सोडियममुळे मातीची घडण मोडते व जमीन चोपण होते. तेथे कूपनलिका खोदणे हा उपाय नव्हे. पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात अडवून तुषार संचाने काटकसरीने देणे हाच मार्ग आहे.

आता कालव्याविषयी. मुख्य कालव्यातून वितरिका, वितरिकेतून लघुवितरिका आणि तिच्यावरील उगमद्वारातून शेतचारी, असा पाण्याचा प्रवास असतो. यातील शेवटचा टप्पा सर्वांत स्वस्त, आणि दुर्दैवाने सर्वांत दुर्लक्षित. शेतचारी गाळाने व झुडपांनी बुजली, की वरचा शेतकरी मनसोक्त पाणी घेतो व शेवटच्या वावरात चारी कोरडी राहते. १९८४ च्या दांडेकर समितीने विदर्भाचा सिंचन अनुशेष मोजून दाखवला आणि १९९७ मध्ये विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन झाले, हे आवश्यकच होते. परंतु अनुशेष मोजला जातो तो निर्माण केलेल्या सिंचन क्षमतेत, आणि क्षमता म्हणजे भिजलेले शेत नव्हे. उघड्या चाऱ्यांऐवजी बंद नलिकांतून वितरण करण्याचे धोरण या दृष्टीने योग्य आहे, कारण त्यात पाझर घटतो आणि भूसंपादनही कमी लागते.

शेतकऱ्यांनी सिंचनाचे व्यवस्थापन करण्याबाबतचा राज्याचा कायदा २००५ मध्येच झाला. त्यानुसार लाभधारकांच्या पाणी वापर संस्थेला पाणी मोजून, घनमापन पद्धतीने दिले जाते, आणि सभासदांमध्ये ते कसे वाटायचे हे संस्था ठरवते. शेजपाळीचा, म्हणजे शेवटच्या शेतापासून सुरुवातीच्या शेताकडे क्रमाने पाणी देण्याचा, नियम तर त्याहूनही जुना आहे. वैनगंगेचे पाणी गोसीखुर्दपासून नळगंगेपर्यंत सुमारे ४२६ किलोमीटर वाहून आणणाऱ्या नदीजोड प्रकल्पाकडे वऱ्हाड आज आशेने पाहत आहे, आणि ती आशा रास्त आहे. पण ते पाणी ज्या चाऱ्यांतून फिरायचे, त्या आधी धड असाव्या लागतील. म्हणून लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांनी हंगामापूर्वी पाणी मागणीचा नमुना क्रमांक ७ चा अर्ज वेळेत भरावा, आपली पाणी वापर संस्था कागदावरून चारीवर आणावी, आणि पहिले पाणी शेवटच्या धुऱ्याला मिळेल असा ठराव पहिल्याच बैठकीत करावा.