चिठ्ठीवरचं नाव

माझ्या कपाटात अंड्यांच्या ट्रेमध्ये आणि काड्यापेट्यांमध्ये ठेवलेले 216 दगड आहेत. त्यातले निम्म्याहून जास्त मी शोधलेले नाहीत. मी खाणीवर पोचायच्या आधीच ते कुणीतरी सिमेंटच्या रिकाम्या गोणीत, वर पळसाची पानं घालून, माझ्यासाठी बाजूला ठेवलेले असायचे. ते ठेवणारे तात्या.

तात्यांची ओळख झाली ती पाट्यामुळे. आम्ही मुरबाडला राहत होतो. आठवीत होते मी, साल 1991. पाटा गुळगुळीत झाला की वाटण सरकायचं, बारीक व्हायचं नाही, म्हणून वर्षातून एकदा टाकी लावणाऱ्या मावशी आळीत यायच्या. आमच्या ओट्यावर मांडी घालून त्या पाट्यावर टिपके मारत होत्या आणि मी काळू नदीच्या पात्रातून आणलेल्या दोन गारगोट्या त्यांना दाखवत होते. अंधाऱ्या खोलीत या एकमेकींवर घासल्या की आतून पिवळसर उजेड पडतो आणि जळका वास येतो, हा माझा तेव्हाचा सगळ्यात मोठा शोध. मावशींनी हातातली टाकी न थांबवता सांगितलं, "आमच्या मालकांस्नी असलं रोज घावतंय. काचंवानी. फुलासारखं बी असतंय. खडीतच जातंय सगळं."

खडीतच जातंय, हे ऐकून मला रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या सरांना सांगितलं. पुढच्या रविवारी सर, मी आणि वर्गातली तीन मुलं, मावशींचे मालक तात्या जिथे दगड फोडायचे त्या खाणीवर होतो.

सरांचं ऋणही लहान नाही. शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट होतं. पहिल्याच रविवारी मिळालेला गुलाबीसर स्टिल्बाइटचा, मधे आवळलेल्या पेंढीसारखा दिसणारा एक तुकडा त्यांनी परीक्षानळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर धरला. दगड फुगला, त्याचे पापुद्रे सुटले आणि नळीच्या वरच्या थंड काचेवर पाण्याचे थेंब जमले. दगडातून पाणी! क्रॉन्स्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1756 साली हेच पाहिलं आणि या खनिजांना झिओलाइट म्हणजे ग्रीकमध्ये 'उकळणारा दगड' असं नाव दिलं, हे सरांनी नंतर सांगितलं. आधी थेंब दाखवले. आपण ज्याच्यावर उभे आहोत तो काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूंचे बुडबुडे अडकून राहिले. पुढे खडकात मुरलेल्या गरम पाण्याने वाटेतली सिलिका, चुना, अ‍ॅल्युमिनियम विरघळवून त्या पोकळ्यांत आणून सोडलं आणि तिथे सावकाश स्फटिक वाढले. हे सगळं त्या थेंबांनंतर ऐकलं, म्हणून ते डोक्यात राहिलं.

पण पोकळी कुठे आहे हे सरांना बाहेरून कळत नसे. ते तात्यांना कळायचं.

तात्यांचं घराणं वडारांचं, मूळ सोलापूरकडचं. कामामागे फिरत फिरत ठाणे जिल्ह्यात आलेलं. सुरुंगाने सुटलेल्या मोठ्या धोंड्यावर ते घणाचा एक हलका ठोका द्यायचे आणि मान कलती करून ऐकायचे. सलग दगड खणखणतो. आत पोकळी असली की आवाज बद्द येतो. "आत घर हाय," म्हणायचे, आणि घण ठेवून छिन्नी घ्यायचे. मग अर्धा-पाऊण तास कडेकडेने, एकेक कपची उडवत, धोंडा उघडायचा. आत कधी नुसती पांढरी भुकटी, कधी पाण्यासारखे स्वच्छ अ‍ॅपोफिलाइटचे चौकोनी मनोरे, कधी स्कोलेसाइटच्या सुया. इतक्या नाजूक, की श्वासही जपून सोडावा. लाव्ह्याच्या थराचा मधला भाग घट्ट असतो आणि बुडबुडे वर चढून माथ्याशी जमतात, हे मी पुस्तकात वाचलं ते फार पुढे. तात्या खाणीच्या भिंतीकडे बोट करून सांगायचे, "खाली पक्का, वर कच्चा. तुझं सगळं कच्च्यात." खाणमालकाला तो कच्चा दगड नको असायचा, कारण त्याची खडी ठिसूळ. म्हणजे बांधकामाला जे टाकाऊ, तेच आमचं धन. ते तसंच क्रशरच्या जबड्यात जाऊन भरावात पडायचं.

शिक्षण संपलं, शहापूरला बँकेत नोकरी लागली आणि आमचा रविवारचा गट जमला. त्याला नाव नव्हतं, नोंदणी नव्हती. दोन शिक्षक, एक एसटी कंडक्टर, एक कंपाउंडर, मी आणि कुणाची ना कुणाची मुलं. खाणमालकाची परवानगी घेतल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय हातोडी उचलायची नाही. हा दुसरा नियम तात्यांचा. कपची लागून त्यांच्या भुवईवर खोल व्रण पडला होता आणि तो दाखवून ते मुलांना दम भरायचे. तानसा अभयारण्यात, किल्ल्यांवर, लेण्यांत हातोडी पिशवीतूनही काढायची नाही. पावसाळ्यात खाणी पाण्याने भरत, तेव्हा कुणाच्या तरी पडवीत बसून जुन्या दातांच्या ब्रशने दगड साफ करायचे, पांढऱ्या खड्यावर लिंबू पिळून बघायचं: फसफसला तर कॅल्साइट; आणि काचेवर ओरखडा उमटला तर गार. मग चिठ्ठ्या लिहायच्या. चिठ्ठीवर खनिजाचं नाव, गाव, थर, तारीख. गाव नसलेला दगड कितीही देखणा असला तरी अभ्यासाच्या कामाचा नाही, ही सरांची शिकवण.

कसारा घाटात, म्हणजे थळघाटातही आम्ही गेलो. तिथल्या एका थरात फेल्डस्पारचे बोटाच्या पेराएवढे फिकट स्फटिक काळ्या दगडात आडवेतिडवे रुतलेले दिसतात, आणि भूशास्त्रज्ञांनी त्या थराला थळघाटाचंच नाव दिलं आहे. पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो नाणेघाट. एका हिवाळ्यात तात्या आमच्याबरोबर आले. वैशाखऱ्याहून चढताना ते वाटेतल्या प्रत्येक पायरीपाशी रेंगाळत होते. वर गुहेत आम्ही सगळे सातवाहन राणी नागनिकेच्या ब्राह्मी लेखासमोर उभे. सर सांगत होते की 1828 मध्ये ही गुहा विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने अभ्यासकांच्या नजरेस आणली, आणि याच साइक्सने दख्खनच्या खडकांवर लिहिलं. 'डेक्कन ट्रॅप' हे नाव रूढ करण्याचं श्रेयही त्यालाच दिलं जातं. तात्या लेखाकडे पाहतच नव्हते. ते भिंतीवरच्या छिन्नीच्या घावांवर तळहात फिरवत होते. मग म्हणाले, "हितं डावऱ्या हाताचा माणूस व्हता. ह्यो घाव बघ, आन् त्यो बघ. हितून पुढं दुसरा बसला." सर बोलायचे थांबले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या भिंतीवरून तात्या आपल्याच धंद्यातल्या माणसांची हजेरी घेत होते. ते बरोबर होते की नाही हे तपासायचं साधन माझ्याकडे नाही, पण त्यानंतर मी कुठलंही लेणं पाहिलं की आधी घाव पाहते.

पुढे सिन्नरला गारगोटी संग्रहालय झालं. नौदलात नोकरी केलेल्या के. सी. पांडे यांनी ते 2001 साली उभं केलं. महाराष्ट्राच्या झिओलाइटांचं इतकं भरघोस दर्शन दुसरीकडे मी पाहिलेलं नाही. कसारा, घोटी करत आम्ही एसटीने गेलो. वाघोलीच्या खाणीतला निळाशार कॅव्हनसाइट पाहून मुलं ओरडली. तात्या मात्र एका मोठ्या स्टिल्बाइटसमोर बराच वेळ हात मागे बांधून उभे होते. एवढा मोठा गड्डा एकही काडी न मोडता डोंगरातून सोडवायचा म्हणजे काय, हे तिथे त्यांच्याइतकं कुणाला कळत असणार?

परतीच्या गाडीत त्यांनी विचारलं, "तुझ्या चिठ्ठीवर काय काय लिवतीस?"

मी सांगितलं. खनिज, गाव, थर, तारीख.

"आन् काढला कुनी?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. माहिती म्हणून विचारलं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ती ओळ मी कधी आखलीच नव्हती. दहा वर्षं ज्या माणसाने मला दगड दिले, त्याचं नाव माझ्या कपाटात एकाही कागदावर नव्हतं.

त्या रात्री मी आणखी एक हिशोब केला, जो बँकेत काम करणाऱ्या बाईने कितीतरी आधी करायला हवा होता. तात्यांना मजुरी ब्रासवर मिळायची. जेवढा डबर फोडला तेवढे पैसे. एका पोकळीभोवती छिन्नी चालवण्यात गेलेला पाऊण तास त्यांच्या ब्रासमधून जात होता. मी एकदा पन्नासची नोट पुढे केली होती, तर म्हणाले होते, "पैसं मालक देतो. तुझ्याकडनं कशाला?" मालक त्या पाऊण तासाचे देत नव्हता. मी चहा पाजून निश्चिंत झाले होते.

नाव न लिहिण्याची ही चूक जुनीच आहे. बोरघाटाचा रेल्वेमार्ग 1863 साली पुरा झाला. एका वेळी सुमारे 40 हजार माणसं तिथे राबत होती, आणि त्या खोदाईत निघालेले झिओलाइट युरोपातल्या संग्रहालयांत पोचले. अभियंता बर्कले यांचं नाव इतिहासात आहे. दगड पहिल्यांदा उजेडात आणणाऱ्या हातांचं नाव नाही. हे वाचताना पूर्वी मला काही वाटायचं नाही. आता माझंच कपाट डोळ्यांसमोर येतं.

पुढचे चार पावसाळे तात्या आणि मावशी आमच्या घरी येत राहिले. मी एकेक दगड त्यांच्या तळहातावर ठेवायची. तात्या तो फिरवून, कडा चाचपून सांगायचे: हा माझा, हा भावाचा, हा पोरगा नवा होता त्याचा, हा तुमच्या सरांचा, बघ किती वाकडा फोडलाय. नऊ दगड मावशींनी काढलेले निघाले. त्या इतकी वर्षं बोलल्या नव्हत्या, मीही विचारलं नव्हतं. नव्या चिठ्ठ्यांवर पाचवी ओळ आखली आणि तात्यांनी सांगितलेलं पूर्ण नाव त्यात लिहिलं. इथे मी त्यांना तात्या म्हणते आहे, चिठ्ठीवर ते पूर्ण आहेत.

तात्या गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. ती खाण बंद आहे, तिच्यात बारा महिने पाणी असतं. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग झाला, इगतपुरी-कसाऱ्याचा डोंगर जवळजवळ आठ किलोमीटर कोरून बोगदा काढला, जून 2025 मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. त्या राडारोड्यात काय काय गेलं असेल याचा विचार मला अजून झोपू देत नाही.

माझ्या 51 चिठ्ठ्यांवर पाचवी ओळ अजून कोरी आहे. शहापूर, मुरबाड, किन्हवली, सरळगाव या भागातल्या खाणींवर 1991 ते 2005 या काळात ज्यांनी काम केलं, किंवा ज्यांच्या आईवडिलांनी केलं, त्यांनी एकदा माझ्या घरी यावं. दगड हातात घेऊन बघा. ओळखीचा वाटला तर नाव सांगा, मी लगेच लिहून घेते.