उतरता उतरता वर

उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेल्या वलांडींपलीकडे उभे राहिले की विमाने उतरायला निघालेली दिसतात. ती टेकतात कुठे, ते दिसत नाही. आमचे मीरा-भाईंदर साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला आणि विमानतळ याच बेटावर, दक्षिणेला सांताक्रूझला. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. मुख्य धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद ठेवली की दुसरीवर भिस्त. मग आमच्या समोरच्या दर्यावरून, वायव्येकडून, एकामागून एक दिवे वेसाव्याच्या रोखाने तिरपे खाली सरकत जातात.

ही दुसरी धावपट्टी वायव्य-आग्नेय आहे, म्हणजे नैऋत्येचा पावसाळी वारा तिच्यावर बरोबर आडवा येतो. मग विमान नाक उजवीकडे, वाऱ्याकडे वळवून तिरकेच पुढे येते आणि चाके टेकायच्या क्षणी सरळ होते. वेसाव्याला डोक्यावरून जाताना तो तिरकेपणा पाहावा. छातीत धस्स होते.

या बेटाने वैमानिकांना पहिल्यापासून कसाला लावले आहे. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तेव्हा तिथे नुसती चिखलवट होती. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई आणि टपालाची विमाने पुण्याला हलवावी लागत. पुढे शेजारी सांताक्रूझचा मोठा विमानतळ झाला, तरी चकवा संपला नाही. 1953 च्या जुलैत ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. 24 सप्टेंबर 1972 ला एका जपानी डीसी-8 विमानाने तेच केले आणि जेमतेम 1.1 किलोमीटरची ती धावपट्टी संपून ते पुढे गेले. ते विमान पुन्हा उडाले नाही.

मला मात्र ओढ आहे ती न उतरलेल्या विमानांची. अगदी खाली आलेला दिवा एकाएकी थबकल्यासारखा वाटतो, मग इंजिनांचा घोष उशिराने कानावर येतो आणि दिवा चढू लागतो. उतरणे सोडून पुन्हा वर जायचे, हे वैमानिक काही क्षणांत ठरवतो. आत दीडशे माणसे, बाहेर पाऊस, इंधनाचा हिशेब डोक्यात. आमच्या बंदराच्या तोंडाशी ओहोटीला आलेली बोटही अशीच बाहेर थांबते. घर समोर दिसत असताना नाखवा भरतीची वाट पाहतो. त्याला कुणी भित्रा म्हणत नाही.

1 जुलै 2019 च्या रात्री मुसळधार पावसात एक विमान मुख्य धावपट्टी ओलांडून गेले. माणसे वाचली, पण पट्टी काही दिवस बंद राहिली. त्या दिवसांत कितीतरी विमाने घिरट्या घालून दुसऱ्या शहरांकडे वळली. प्रवासी उशिरा, वैतागून घरी पोचले असतील. त्यांच्यापैकी कुणीतरी उतरताना आपल्या वैमानिकाला शाब्बास म्हटले असावे, असे मला फार वाटते.