छंद आणि चरितार्थ

माणूस चरितार्थासाठीं काय करतो हें त्याच्या वेषावरून कळतें. चरितार्थ कशासाठीं करतो हें मात्र त्याच्या बैठकीच्या खोलींत गेल्यावांचून कळत नाहीं. आमचें बिऱ्हाड वाळूजच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या बजाजनगरांत आहे. १९८५ सालीं बजाज ऑटोचा कारखाना येथें सुरू झाला, आणि तेव्हांपासून या भागाचें आयुष्य पाळ्यांच्या हिशेबानें चालत आलें आहे. अशा ठिकाणीं घरीं बसून उत्तम यंत्रावर गाणें ऐकण्याचा महागडा शोक कोण करणार, असें परक्यास वाटेल. परंतु आमच्या शेजारींच असे दोन शोकीन आहेत, आणि या छंदाचें अर्थशास्त्र आम्हीं त्यांच्याकडूनच शिकलों.

पहिले गृहस्थ एका कारखान्यांत वरिष्ठ अभियंते आहेत. त्यांच्या दिवाणखान्यांत छातीइतक्या उंचीचे दोन स्पीकर उभे आहेत. मध्यें व्हॉल्व्हचा अँप्लिफायर मंद तांबूस उजेड देत असतो, आणि त्याच्या शेजारीं टर्नटेबल. या साऱ्याची किंमत विचारण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं. त्यांच्या पत्नीनें ती आपण होऊन सांगितली, पण रुपयांत नव्हे, मोटारगाड्यांत. प्रत्येक बढतीबरोबर या घरांत एक नवी पेटी येते.

या छंदाचा जमाखर्च मोठा निर्दय आहे. आवाज तीन डेसिबलांनीं वाढवावयाचा, तर यंत्राची शक्ति दुप्पट करावी लागते, आणि एवढें करूनही कानाला फरक थोडासाच जाणवतो. तो आवाज कानाला दुप्पट वाटावयास हवा असेल, तर शक्ति सुमारें दसपट लागते. पगाराचेंही असेंच कांहीं असावें. सकाळीं आठाला बाहेर पडलेले आमचे शेजारी रात्रीं नवाला परततात. तोंवर आजूबाजूचीं मुलें निजलेलीं असतात. ज्या नोकरीनें यंत्र घरांत आणलें तीच नोकरी त्याला मुकें ठेवते.

आणखी एक वजाबाकी वयाची आहे. यंत्राच्या माहितीपत्रकांत सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचे सूर उमटतील अशी हमी असते. परंतु पन्नाशी उलटलेल्या बहुतेकांस पंधरा हजारांच्या वरचें कांहीं ऐकूं येत नाहीं. त्यांतून ज्यांचीं वर्षें यंत्रांच्या खडखडाटांत गेलीं, त्यांच्या कानांविषयीं बोलावयासच नको. आठ तासांच्या पाळीस ९० डेसिबलांची मर्यादा कारखान्यांच्या नियमांत घातली आहे, ती उगाच नव्हे.

दुसरे शेजारी एका लहानशा वर्कशॉपांत ट्रान्सफॉर्मरच्या तारा गुंडाळतात. त्यांच्या अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर त्यांच्याच हातचा. स्पीकरच्या पेट्या प्लायवूडच्या, स्वतः कापून खिळलेल्या. त्यांस व्यवसायानें पैसा बेताचाच दिला, पण हात दिला, आणि रविवारची सकाळ शिल्लक ठेवली. त्या दिवशीं त्यांचें दार उघडें असतें. आम्हीही कधीं कधीं जाऊन बसतों. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकड्या आतां फोनवरही मिळतात. त्या तेथें वाजतात. त्या काळच्या ध्वनिमुद्रणांत फार उंच सूर उतरतच नसत. तेव्हां प्लायवूडच्या पेटीला आणि पिकल्या कानाला त्या सारख्याच पुरतात.

व्यवसाय आणि छंद यांची याहून मोठी सोयरीक पाहावयाची असेल, तर मुंबईकडे पाहावें. डॉ. सुरेश चांदवणकर हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञ. त्यांनीं जुन्या तबकड्यांचा छंद आपल्या कपाटापुरता ठेवला नाहीं; १९९० सालीं निघालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संग्राहकांच्या संस्थेचा भार वाहिला आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ या तिच्या नियतकालिकांतून ती माहिती इतरांस वाटली. नोकरीनें एका घराचा छंद पोसला, आणि त्या छंदानें पुष्कळांचे कान पोसले.

आणि भास्करबुवा बखले? ते १९२२ सालीं वारले. त्यांच्या गाण्याची तबकडी मागें राहिली नाहीं. ज्यांनीं त्यांस ऐकलें त्यांच्यापाशीं यंत्र नव्हतें. ते वेळ काढून मैफलींत जाऊन बसले होते, एवढेंच. आज यंत्र आहे, तबकड्या आहेत, हप्त्यांची सोय आहे. तो वेळ मात्र कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं.

आमचे अभियंते दोन वर्षांनीं निवृत्त होतील. मग रोज ऐकेन, असें ते म्हणतात. तें खरें होवो. परंतु तोंवर थांबूं नये, असें आम्हांस वाटतें. आठवड्यांतील एक संध्याकाळ त्यांनीं कारखान्यापासून सोडवून घ्यावी आणि कोपऱ्यावरच्या त्या प्लायवूडवाल्या शेजाऱ्यास आपल्या दिवाणखान्यांत बोलवावें. यंत्र कोणाचेंही असो. शेजारीं ऐकणारा असला म्हणजे गाण्याला बसावयास जागा होते.