लहरीपुऱ्यातले दोन पैसे

गोव्यात एखाद्याचा मुलगा 'स्विंडनला असतो' असे सांगितले की पुढचे कोणी विचारत नाही. पोर्तुगीज पासपोर्ट, गोदामातली पाळी, भाड्याचे घर, डिसेंबरात महिनाभर गावी येणे, हे सगळे त्या एका शब्दात येते. माझा भाचाही तिथलाच. फरक एवढाच की रविवारी तो क्रिकेट खेळायला जात नाही. गाडीत रबरी बूट, छोटे फावडे आणि मेटल डिटेक्टर टाकून तो विल्टशायरमधल्या एका शेतकऱ्याच्या नांगरलेल्या शेतात जातो आणि दुपारपर्यंत जमीन ऐकत फिरतो. 'ऐकत' हा शब्द त्याचाच. काठीच्या टोकाच्या चकतीतून चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते, खाली धातू असला तर त्यात बारीक विजेचा प्रवाह उठतो आणि कानातल्या यंत्रात आवाज येतो. लोखंडाचा आवाज घोगरा, चांदीचा उंच आणि स्वच्छ. सुरुवातीला बिअरच्या डब्याची कडीसुद्धा त्याला चांदीसारखी ऐकू यायची म्हणे.

हा छंद तिथे गल्लीबोळातला आहे. स्विंडनपासून फार लांब नसलेल्या मिल्डनहॉल गावाजवळ १९७८ साली अशाच डिटेक्टरवाल्यांना रोमन नाण्यांचा साठा लागला. मोजली तेव्हा ५४,९५१ नाणी भरली! 'क्युनेटिओचा साठा' म्हणून तो ओळखला जातो. हे ऐकून माझ्या डोळ्यांपुढे मोहरांचे हंडे आले होते, पण भाच्याने आपली वही दाखवली आणि ते हंडे जागच्या जागी फुटले. वहीत बटणे, शिशाच्या गोळ्या, घोड्याच्या सामानाचे बकल, व्हिक्टोरिया राणीच्या झिजून गुळगुळीत झालेल्या पेन्या. मधूनच एखादे चांदीचे तीन किंवा सहा पेन्सचे नाणे. १९२० पूर्वीचे असेल तर त्यात साडेब्याण्णव टक्के चांदी, १९४६ पर्यंतचे असेल तर निम्मी. ही झिजलेली चांदी, वाकलेले चमचे, तुटक्या साखळीचे तुकडे तो डब्यात साठवतो, वर्षातून एकदा मोडीत घालतो आणि ठरल्याप्रमाणे निम्मे पैसे शेतकऱ्याला देतो. एकदा सोन्याची अंगठी मिळाली, आत दोन अक्षरे कोरलेली. ती मोडीत गेली नाही. शेतकऱ्याच्या शेजारणीची निघाली, बटाटे काढताना हरवलेली.

उरलेल्या निम्म्या पैशांवर त्याचा खरा छंद चालतो, आणि तो इंग्लंडात नाही, बडोद्यात आहे.

त्याचे कारण माझी आई, म्हणजे त्याची आजी. ती बडोद्याची. लग्न होऊन गोव्यात आली तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या तबकात ठेवायला माहेरून पाच बाबाशाही रुपये आणि तांब्याचे काही पैसे घेऊन आली. आमच्या घरच्या तबकात पोर्तुगीज राजाच्या मुखवट्याची रुपीही असायची, त्यामुळे दिवाळीला दोन राज्ये शेजारी बसायची आणि वर हळदकुंकू पडायचे. भाचा लहान असताना पूजा झाली की तबकापाशी मांडी घालून बसायचा. तांब्याच्या पैशावर घोड्याची टाप का, तलवार का, हे विचारून आजीला भंडावून सोडायचा. आजीचे उत्तर ठरलेले : "गायकवाडांचो घोडो थंयच्यान गेलो." बडोद्याची बाई, पण तोपर्यंत कोकणीत मुरलेली.

ते तबक बहिणींमध्ये वाटले गेले. भाच्याच्या वाट्याला एक रुपया आणि एक तांब्याचे नाणे आले. तिथून त्याला गायकवाडांच्या सगळ्या नाण्यांचा संच जमवायचे वेड लागले. मी निवृत्त, त्यात बडोद्याला मामेभाऊ. "मामा, तूं वचून पळय मरे," एवढेच तो फोनवर म्हणाला. गेली काही वर्षे मी पावसाळा संपला की मडगावला ओखा एक्सप्रेस पकडतो.

रिक्षावाल्याला लहरीपुरा म्हटले की तो न्यायमंदिरापाशी सोडतो. मागे सुरसागर, पुढे जुन्या कोटाचा पश्चिमेकडचा दरवाजा. दरवाजाच्या आजूबाजूला मंगळ बाजाराची गर्दी. परकर, चपला, प्लॅस्टिकचे डबे, घासाघीस. कमानीतून सरळ निघाले की रस्ता मांडवीला जातो. याच परिसरात एका चोक्सीच्या दुकानात मी बसतो. दुकान म्हणजे दोन माणसे बसली की तिसऱ्याने उभे राहावे एवढी जागा. पांढरी गादी, काटा, कसोटीचा दगड. मोडीला आलेले तोडे, पैंजण, अत्तरदाण्या, देवाचे वाकडे झालेले मुकुट असा माल एका पाटीत. आणि स्टीलच्या डब्यात नाणी.

ही नाणी कुणी संग्राहक म्हणून विकायला आणत नाही. जुने घर पाडले, वाटण्या झाल्या, मुलीचे लग्न निघाले, की कपाटातली पुरचुंडी इथे येते आणि काट्यावर चढते. बाबाशाही रुपया साधारण साडेअकरा ग्रॅमचा, तोळ्याला किंचित कमी. त्याचा भाव चांदीच्या भावाने, वर घट वजा. चांदी महाग झाली की डबा भरतो आणि तितक्याच वेगाने रिकामा होतो. रिकामा होतो म्हणजे मुशीत जातो. चोक्सी काही दुष्ट माणूस नव्हे. पैंजणाला ग्राहक आहे, आनंदराव गायकवाडाला नाही, एवढा साधा हिशेब.

नाणी मात्र बघत राहावी अशी. जुन्या रुपयांवर मजकूर फारसी, नाव दिल्लीच्या बादशहाचे, आणि त्या फारसी वळणांच्या मध्येच देवनागरीतली दोन अक्षरे : 'आ गा' म्हणजे आनंदराव गायकवाड, 'ख गा' म्हणजे खंडेराव गायकवाड. मराठा सरदार सत्ता स्वतः चालवतो, शिक्का बादशहाचा ठेवतो आणि कोपऱ्यात आपली सही करून मोकळा होतो. १८५७ नंतर बादशहा गेला आणि 'सेनाखासखेल समशेर बहादूर' हा गायकवाडांचा किताब नाण्यावर आला, तोही फारसीतच. पुढे तिसऱ्या सयाजीरावांनी यंत्रावर नाणी पाडली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून १८७५ साली दत्तक आलेला हा शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या रुपयावर त्याचा मुखवटा आहे आणि मजकूर सगळा देवनागरीत. १९०१ च्या सुमारास बाबाशाही चलन बंद करून बडोद्याने इंग्रजी रुपया स्वीकारला आणि हा सगळा प्रकार संपला.

पहिल्या खेपेला चोक्सीने एक जाडजूड तांब्याचे नाणे माझ्या तळहातावर ठेवले. घोड्याची टाप, तलवार, आणि उलट बाजूला 'दोन पैसे'. तो हसून म्हणाला, "काका, आ तो तमारी भाषा छे." खरेच की! गुजराती रयतेच्या हातात रोज फिरणारे नाणे, आणि त्यावर 'बे' नव्हे, 'दोन'. मराठी अमुक ठिकाणी राजभाषा होती की नव्हती यावर आम्ही गोव्यात किती शाई आणि किती घसा खर्च केला! इथे ती तांब्यावर ठोकलेली होती, आणि किलोच्या भावाने चालली होती.

मी चोक्सीशी एकच ठरवून घेतले आहे. मुशीत टाकण्याआधी डबा मला दाखवायचा. चांदीच्या भावावर थोडे जास्त देतो, आणि पावतीवर नाण्याचे नाव, वजन, संवत लिहून घेतो.

भाच्याशी माझा वाद आहे तो वेगळाच. तू तिथली चांदी मुशीत घालतोस आणि इथली मुशीतून काढतोस, हा कुठला न्याय, असे मी त्याला एकदा विचारले. त्याने शांतपणे सांगितले की विकण्याआधी प्रत्येक जुनी वस्तू तो नोंदवतो. इंग्लंडमध्ये १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम नावाची योजना आहे. सापडलेली वस्तू अधिकाऱ्याला दाखवायची, तो फोटो काढतो, वजन घेतो, कुठल्या शेतात मिळाली ते लिहितो आणि वस्तू परत देतो. दहा लाखांहून अधिक वस्तू अशा नोंदल्या गेल्या आहेत. तीनशे वर्षांहून जुनी सोन्याचांदीची वस्तू, किंवा तशी दोन नाणी एकत्र मिळाली, तर ते 'ट्रेझर'. मग चौदा दिवसांत कॉरोनरला कळवायचे. संग्रहालयाला हवे असेल तर ते बाजारभावाने घेते, पैसे शोधणारा आणि जमीनमालक वाटून घेतात. सुटे एकटे नाणे सहसा त्यात येत नाही. त्याने विकलेल्या रोमन दिनारची जागा आजही नकाशावर आहे. "तुज्या चोक्सीक विचार, हो रुपया खंयच्या घरांतलो?"

विचारले मी. उत्तर आले, "जुन्या घरातला." बस्स.

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट आजही आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचे काही सापडले तर कलेक्टरला कळवायचे. न कळवल्यास वर्षापर्यंत कैद. कळवल्यास सरकार ते ठेवून घेऊ शकते, मोबदला म्हणजे धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा. १८७८ सालचे दहा रुपये! आज दहा रुपयांत एक पाव मिळतो की नाही हे पोदेरालाच विचारावे. नांगराला कदंबांचे सोन्याचे गद्याण लागले, वर सिंह, मागे सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाची अक्षरे, तर कुळाने काय करावे? कलेक्टरच्या पायऱ्या चढाव्यात की सोनाराच्या? आमच्या भागात अशा गोष्टींचा शेवट सोनाराकडेच झाल्याचे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मला वाटते, मुशीला सर्वांत जास्त इंधन या दहा रुपयांच्या कलमाने पुरवले असेल.

आता या संग्रहातली सर्वांत विचित्र गोष्ट. तो भाच्याला मिळतच नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शिक्षा किमान सहा महिने. दोन नाणी खिशात कोण बघतो, असे सांगणारे हितचिंतक आमच्या कुटुंबात पुष्कळ आहेत, पण मी खिशातून काही नेणार नाही आणि त्यानेही कधी मागितले नाही. कुणी म्हणेल, लंडनच्या लिलावात गायकवाडांचे रुपये मिळतात, तिथेच घ्यावे. हेही त्याला ठाऊक आहे. त्याचे म्हणणे, ते रुपये वाचलेले आहेत. त्याला डब्यातले हवेत.

तेव्हा विल्टशायरच्या चिखलातून निघालेल्या पैशांनी घेतलेली नाणी म्हापशाला माझ्या कपाटात आहेत. प्रत्येक नाणे कागदी पाकिटात, पाकिटावर तारीख, वजन आणि जे काही कळले ते. हल्ली मी चोक्सीला आधीच सांगून ठेवतो, माणूस नाणी घेऊन आला की निदान गल्ली विचार. त्यामुळे अलीकडच्या तीन पाकिटांवर 'दांडिया बाजार' आहे, एकावर 'रावपुरा', आणि एकावर 'आजीच्या देवघरातून, पाच होते, चार आधी मोडले'. भाचा डिसेंबरात येतो तेव्हा दोन संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पंचा अंथरून सगळी मांडतो, फोटो काढतो आणि परत पाकिटात घालतो. मागच्या वेळी त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने टाप बोटाने चाचपून पाहिली आणि इंग्रजीत विचारले, घोडा कुठे आहे?

सयाजीरावांची चांदीची 'चार आणे' अजून मिळालेली नाही. चोक्सीचा फोन आला होता, डबा पुन्हा भरत आला आहे. दिवाळीनंतरचे तिकीट काढायला हवे.