मापाची वस्तू, मापाचे गिऱ्हाईक

गुरांच्या बाजारात बैलाचे दात पाहणारा मी माणूस. विस्तार अधिकारी म्हणून जवळजवळ तीस वर्षे गावोगाव हिंडलो. जुना ट्रॅक्टर, जुने इंजिन, जुने मळणीयंत्र घेताना-विकताना कितीतरी शेतकऱ्यांच्या शेजारी उभा राहिलो. पण एक दिवस मला जुनी गिटार विकायला पुण्याच्या दुकानात जावे लागेल, असे कोणी म्हणाले असते तर मी हसलो असतो.

गिटार माझ्या भाच्याची. धाकटी बहीण निफाड तालुक्यात दिलेली आहे. चार एकर द्राक्षबाग, त्यावरच घर चालते. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी त्या भागात गारपीट झाली आणि बागेत धड घड उरला नाही. मार्चअखेर बँकेचा हप्ता डोक्यावर. भाचा पुण्यात नोकरीला आहे. त्याने आईला न सांगता मला फोन केला, "मामा, माझी गिटार विकायची आहे. तुम्ही बरोबर या. मला भाव करता येत नाही."

वाचकहो, ही विजेवरची गिटार. साध्या गिटारीचे पोट पोकळ असते, आवाज त्या पोटात घुमतो. हिचे अंग बहुधा भरीव लाकडाचे. पोलादी तारांखाली लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. वरची तार थरथरली की त्या गुंडाळीत अगदी थोडी वीज तयार होते आणि यंत्रातून तिचा मोठा आवाज निघतो. बोटे जिथे दाबायची त्या पट्टीला अनेक कारखाने आपल्याकडची शिसव वापरतात.

भाचा डावखुरा. २०१८ साली त्याने ही गिटार खास मागणी नोंदवून करून घेतली. डाव्या हाताची, बोटे आखूड म्हणून दांडी बारीक, रंग द्राक्षाच्या कोवळ्या पानासारखा. पट्टीवर शिंपल्याच्या तुकड्यांची बैलजोडी जडवलेली, त्याच्या आजोबांच्या जोडीची आठवण म्हणून. किंमत पडली १ लाख ६० हजार रुपये.

दुकानदार भला माणूस होता. त्याने गिटार उलटसुलट करून पाहिली, तारा छेडल्या आणि म्हणाला, "काका, काम एक नंबर आहे. पण मी ४८ हजार देईन."

भाच्याचा चेहरा उतरला. मी विचारले, "काम चांगले, मग भाव का नाही?"

तो म्हणाला, "साधी, उजव्या हाताची, नावाजलेल्या कारखान्याची असती तर हिच्यापेक्षा कमी किमतीची असूनही जास्त पैसे दिले असते. ती कशी वाजते हे गिऱ्हाइकाला न पाहता ठाऊक असते. ही फक्त यांच्या हाताला ठाऊक. शंभर गिऱ्हाइके आली तर त्यात डावखुरे थोडे. त्यातल्या एखाद्याला बारीक दांडी हवी, त्यातही हा रंग आवडायला हवा. तोवर माझे पैसे अडकून पडणार."

भाचा म्हणाला, "परदेशात तर जुन्या गिटारींना कोटींनी भाव येतो." ते खरेच आहे. डेव्हिड गिल्मर या इंग्रज वादकाची काळी गिटार २०१९ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. ती त्याने १९७० साली दुकानातून घेतलेली कारखान्याची तयार गिटार होती आणि पुढे वेळोवेळी तिच्यात फेरफार केले होते. दुकानदार हसून म्हणाला, "तो भाव फेरफारांचा नव्हे, त्या हाताचा."

एक गोष्ट मात्र त्याने आमच्या बाजूची सांगितली. अमेरिकेत फेंडर कारखाना १९५० आणि ६० च्या दशकांत थोडे पैसे जास्त घेऊन मोटारींचे रंग गिटारीला लावून देई. ते मूळ रंग शाबूत असलेल्या गिटारींना आज साध्या रंगापेक्षा जास्त मोल आहे. पण त्यासाठी कारखाना नावाजलेला लागतो, वस्तू दुर्मिळ लागते आणि वाट पाहायला अर्धे आयुष्य लागते. आमच्या हाती पंधरा दिवस होते.

तिथे उभ्या उभ्या मला माझी एक जुनी चूक आठवली. नोकरीच्या सुरुवातीला एका शेतकऱ्याला मी मोठ्या हौसेने सल्ला दिला होता, की हरभऱ्यासाठी ट्रॅक्टरची पाभर मापाने करून घ्या. त्याने फणांतले अंतर पक्के करून, वेल्डिंगने जोडून घेतली. पेरणी देखणी झाली. पुढे मुलीच्या लग्नासाठी पाभर विकायची पाळी आली. तिचे ते अंतर गावात दुसऱ्या कोणाला नको होते. शेवटी ती किलोच्या भावाने भंगारात गेली. त्या माणसाने मला कधी बोल लावला नाही, पण काटा टोचतो तो अजून टोचतोच.

त्या पाभरीला गिऱ्हाईक नव्हते असे नाही. चार तालुक्यांत कुठेतरी असणारच. पण ते शोधायला वेळ हवा होता, आणि अडलेल्या माणसाकडे सगळ्यात आधी वेळच संपतो. मापाच्या वस्तूला बाजार नसतो, मापाचे गिऱ्हाईक असते. बाजारात नेली की ती लाकूड आणि लोखंड होते.

मी भाच्याला म्हणालो, "उचल गिटार." हप्त्याला कमी पडत होते तेवढे पैसे माझ्या ठेवीतून हातउसने दिले. गिटार विकली की परत कर, एवढीच अट.

अडीच महिन्यांनी कोल्हापूरकडचा एक डावखुरा विद्यार्थी वडिलांना घेऊन आला. इतके दिवस तो उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवत होता. बैलजोडीकडे त्याने पाहिलेही नाही. दांडी मुठीत धरली आणि बराच वेळ सोडली नाही. ७० हजारांना सौदा झाला. भाचा त्यांना फाटकापर्यंत पोचवून आला आणि बराच वेळ गप्प बसून राहिला.

मग आम्ही हिशेब मांडला. १ लाख ६० हजारांतून ७० हजार गेले, राहिले ९० हजार. सहा वर्षे त्याने रोज संध्याकाळी ती वाजवली. म्हणजे वर्षाला १५ हजार, महिन्याला साडेबाराशे. इंजिनाचा घसारा धरतो तसा हा धरायचा. त्याला तोटा म्हणायचे की वापराचे मोल, हे ज्याने वाजवली त्याने ठरवावे. भाचा म्हणाला, "मामा, मोल."

बहिणीला कळले तेव्हा ती आम्हा दोघांवर रागावली. "दादा, मला विचारलं असतंस तर मी विकू दिली नसती." म्हणूनच विचारले नाही, हे मी तिला सांगितले नाही.

तेव्हा मंडळी, गिटार असो, पाभर असो की ट्रॉली, आपल्या मापाने करून घ्यायची तर जरूर घ्या. मात्र मापासाठी दिलेला जास्तीचा पैसा त्याच दिवशी खर्ची टाका, ठेव म्हणून धरू नका. नटबोल्टने बदलता येईल ते हवे तसे बदला, पण जे कोरायचे, कापायचे किंवा वेल्डिंग करायचे आहे त्याआधी एक रात्र थांबा. काढलेले मूळ भाग आणि पावत्या जपून ठेवा. आणि विकायची वेळ आलीच, तर गरज गळ्याशी येण्याआधी गिऱ्हाईक शोधायला लागा.

हल्ली पाभर कोणी करायला टाकली की मी एकच विचारतो, "फण सरकतात ना?"