सिंघम कुणाच्या जिवावर चालतो?

२०२४च्या दिवाळीत ‘सिंघम अगेन’ आणि ‘भूलभुलैया ३’ एकाच दिवशी लागले आणि भाईंदरच्या आमच्या चाळीत जे दोन तट पडले, ते अजून मिटलेले नाहीत. एक पक्ष म्हणतो, गल्ला भरतो तो अजय देवगणच. दुसरा विचारतो, मग अक्षयकुमार, रणवीर, टायगर, दीपिका एवढी फौज कशाला? २०११ साली तर तो एकटा पुरला होता! आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे पंच म्हणून मला बसवतात. कोटींचे हिशेब घालणारी ही मंडळी तिकिटापुरते पैसे मात्र उसने घेतात.

माझ्या मते गर्दी नटापेक्षा बाजीरावासाठी होते. मूळ तामीळ ‘सिंगम’ सूर्याचा, २०१०चा. पण शिवगडचा मराठी इन्स्पेक्टर आम्हांला घरचा वाटला. अशोक सराफांचा हवालदार सावळकर तर आमच्या नाक्यावरच भेटेल! तिसऱ्या भागात बाजीराव श्रीलंकेला पोचला आणि मला परका झाला.

असे बोललो की शेजारचा दादा भडकतो. तो दिवसभर स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशला उभा असतो आणि पहाटे पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर पळतो. दोनदा थोडक्यात हुकला. परवा म्हणाला, “तुला परीक्षण लिहायचंय, मला वर्दी घालायचीय.”

मी गप्प बसलो. त्याने ओले बूट उन्हात ठेवले आणि विचारले, “चौथा भाग येणार ना रे?”