चार खुर्च्यांचे टेबल

आपल्या घरांत रविवारचे जेवण ही केवळ पोटाची सोय कधीच नव्हती. सकाळची मिस्सा आटोपून माणसे घरी परतत ती इंद्यालाच्या वासाचा माग काढीत. ज्या दिवशी घरची चूल पेटत नाही, तो दिवस दुःखाचा तरी असतो किंवा उपवासाचा तरी, असा माझ्या आजीचा सरळ हिशेब होता. अशा घरात कोणी 'आज बाहेर जेवू या' म्हटले, की ते सुगरणीला टोचल्याखेरीज राहत नसे. हॉटेल असायचे ते प्रवाशांसाठी आणि ज्यांना कोणी वाढणारे नाही अशांसाठी.

हा समज बदलण्यास फार काळ लागला नाही. ऑक्टोबर १९९६ मध्ये वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर मॅकडोनाल्ड्सचे मुंबईतील पहिले दुकान उघडले. तेथे गोमांस नव्हते आणि डुकराचे मांसही नव्हते. तरीही अमेरिकेची चव म्हणून तरुण मंडळी रांगा लावीत आणि वडीलधारी माणसे 'एवढ्याशा पावाला एवढे पैसे?' असे विचारीत. आज अंधेरीपासून बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीपर्यंत दहा-बारा टेबलांची लहान रेस्टॉरंट्स दिसतात. त्यांच्या यादीत बर्गर, चीज घातलेली मॅकरोनी, तळलेली कोंबडी, रस्सा ओतलेला कुस्करलेला बटाटा आणि सफरचंदाचा पाय हे पदार्थ असतात. इंग्रजीत याला 'कम्फर्ट फूड' म्हणतात. आजारी मुलाला किंवा दमून आलेल्या नवऱ्याला अमेरिकन गृहिणी जे प्रेमाने करून घालते, ते हे साधे जेवण.

हे जेवण आपल्याला परके वाटते. पण ते तितके परके आहे काय? वसई १५३४ साली पोर्तुगीजांच्या हाती आली आणि १७३९ साली त्यांच्या हातून गेली. त्यांची सत्ता गेली, पण बटाटा, पाव, काजू, अननस हे शब्द आपल्या भाषेत राहून गेले. बटाटा आणि मिरची या दोन्ही गोष्टी मूळच्या अमेरिका खंडातल्या. पोर्तुगीज गलबतांतून त्या आपल्या किनाऱ्यावर उतरल्या. दर उन्हाळ्यात अंगणात वाळवून, कांडून, बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरलेला जो बाटली मसाला आपण वाडवडिलांचा ठेवा म्हणून जपतो, त्याचा लाल रंगही मुळात अमेरिकेचाच.

उलट अमेरिकेच्या त्या जेवणात आपल्या श्रद्धेचाही एक घास आहे. सिनसिनाटी शहरात लू ग्रोन नावाच्या गृहस्थांचे मॅकडोनाल्ड्सचे दुकान होते. वस्ती बहुतांशी कॅथोलिक आणि त्या काळी वर्षभर शुक्रवारी मांस वर्ज्य. त्यामुळे शुक्रवारी त्यांचे दुकान ओस पडे. १९६२ साली त्यांनी माशाचा बर्गर तयार केला. कंपनीचे प्रमुख रे क्रॉक यांना मात्र स्वतःचा अननसाच्या चकतीचा बर्गर अधिक पसंत होता. दोन्ही एकाच दिवशी विकून पाहिले, तेव्हा माशाने अननसावर सहज मात केली. म्हणजे आज जगभर खाल्ला जाणारा हा पदार्थ काही भाविकांच्या शुक्रवारच्या व्रतातून जन्मला.

हे सारे माझ्या ध्यानात आले ते वडील गेल्यानंतरच्या एका रविवारी. आमच्या घरी जेवणाचे टेबल सहा खुर्च्यांचे आहे. खिडकीकडची खुर्ची वडिलांची. त्यांच्या पश्चात त्या खुर्चीवर कोणी बसले नाही आणि ती उचलण्यासही कोणाचे मन धजले नाही. पहिले आठ दिवस शेजाऱ्यांनी डबे पुरवले. पुढे प्रत्येक जण आपापल्या संसारात गुंतला आणि ते स्वाभाविकच होते. महिन्याची मिस्सा झाली. आई स्वयंपाक करीत असे, पण स्वतः ओट्याजवळच्या स्टुलावर बसून दोन घास खाई. वडिलांचे नाव ती काढीत नसे, म्हणून आम्हीही काढीत नव्हतो. पाच महिने असे गेले.

एके दिवशी मिस्सेनंतर माझ्या कन्येने तिचा हात धरला. "आजी, आज तू चूल पेटवायची नाहीस," असे म्हणून तिने आम्हाला जवळच्याच एका रेस्टॉरंटमध्ये नेले. आई नकार देईल असे मला वाटले होते. नातीच्या शब्दाखातर ती आली. यादी बराच वेळ वाचून तिने कोंबडी आणि कुस्करलेला बटाटा मागवला. ताटे आली तेव्हा तिने क्रुसाची खूण केली आणि भोजनापूर्वीची प्रार्थना पुटपुटली. वाढपी मुलगा हातातले उरलेले ताट घेऊन, ती 'आमेन' म्हणेपर्यंत निमूट उभा राहिला.

दोन घास खाल्ल्यावर आई म्हणाली, "तुझे पप्पा असते ना, तर म्हणाले असते, हे बोळक्या तोंडाचं जेवण आहे!" आणि ती हसली. त्यानंतर तिने मिरपूड मागितली आणि ताट संपवले.

पुढे मी पुष्कळ विचार केला. जेवणात तसे विशेष काही नव्हते. पण त्या टेबलाभोवती खुर्च्या चारच होत्या आणि आम्ही चौघे होतो. तेथे कोणाची जागा रिकामी नव्हती. घरच्या प्रत्येक पदार्थाला वडिलांच्या आवडीनिवडीची आठवण चिकटलेली होती. या परक्या चवीला कसलीच आठवण नव्हती, म्हणून आईला आपली आठवण स्वतःहून तेथे आणता आली. घरी ती अजूनही स्टुलावरच जेवते. मात्र वडिलांविषयी आता ती बोलते आणि आम्ही ऐकतो.

रेस्टॉरंट हे घराला पर्याय आहे असे मी म्हणणार नाही. चौघांच्या त्या बिलात आमच्या घरचा आठवड्याचा बाजार झाला असता आणि तेवढा खर्च प्रत्येक कुटुंबाला झेपणारही नाही. पण आपल्या धर्मग्रामात एकट्याने जेवणारी कितीतरी वृद्ध माणसे आहेत. कोणाची मुले आखातात, कोणाची कॅनडात. दुःखाच्या घरी आठ दिवस डबा पाठवण्याची रीत आपण पाळतो. नवव्या दिवसानंतर काय, हा विचार मात्र कोणी करीत नाही.

एम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य दुःखाने चालले होते. सोबतच्या वाटसरूला त्यांनी ओळखले नाही. संध्याकाळ झाली म्हणून त्यांनी त्याला थांबवून घेतले, एका टेबलाशी बसवले आणि त्याने भाकर मोडली तेव्हा त्यांचे डोळे उघडले. हा शुभवर्तमानाचा उतारा आपण दरवर्षी पुनरुत्थानकाळात ऐकतो. येत्या रविवारी मिस्सेनंतर देवळाच्या पायऱ्या उतरताना कोणी एकटे घरी निघालेले दिसले, तर त्यांना थांबवावे. आपल्या घरी न्यावे किंवा नाक्यावरच्या एखाद्या रेस्टॉरंटमध्ये न्यावे. बटाटा कुस्करलेला आहे की रस्स्यातला, याने फारसे बिघडत नाही.